तिसाच्या आत

एका मिनिटाला सव्वीस. रेवतीने पुन्हा मोजलं. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर, एक मामाच्या पोटावर. पोट फुगलं की एक. दुसऱ्यांदाही सव्वीसच आले.

"किती?" आईने, नलिनीने, मोरीतून विचारलं.

"सव्वीस."

भांड्यांचा आवाज थोडा वेळ थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

सकाळीच माणिकमामाला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. अकरा दिवस तो तिथे होता. निमोनिया. सोडताना तरुण डॉक्टरने दोघींना खाटेपासून जरा लांब बोलावून घेतलं होतं. अन्न-पाणी पोटात जायच्याऐवजी थोडं थोडं श्वासनळीत उतरतंय, त्यानेच हे झालं, पुन्हा असं झालं तर फुप्फुसं सोसणार नाहीत, असं तो म्हणाला. गिळण्याची तपासणी करणाऱ्या मॅडम फक्त मंगळवारी येत, आणि रिकामा मंगळवार एकोणीस दिवसांनी होता. तोवर सरळ बसवून भरवा, छोटे घास द्या, श्वास मोजा. मिनिटाला तिसाच्या वर गेले तर वाट बघू नका, घेऊन या. मग बहुतेक नाकातून नळी घालावी लागेल.

नळीचं नाव निघाल्यावर मामाने खाटेवरून तोंड भिंतीकडे फिरवलं. लांब असला तरी त्याला ऐकू गेलं होतं.

मामा सत्तेचाळीस वर्षांचा होता. जन्मापासून त्याचे हातपाय ताठ, बोटं मुठीत वळलेली, जिभेवर ताबा नाही. शब्द येत नसत, पण समजत सगळं होतं. डोळे मिटले की हो. भिंतीकडे तोंड केलं की नाही. बाकीचं हसण्यातून. कुडाळजवळच्या गावात आजीने त्याला सत्तेचाळीस वर्षं भरवलं. डिसेंबरात आजी गेली आणि जानेवारीत नलिनी भावाला नाहूरला घेऊन आली. आजी त्याला कसं भरवायची, हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. ती असेपर्यंत विचारायची गरज पडली नाही.

स्टेशनच्या पश्चिमेला, बैठ्या चाळीत त्यांची एक खोली, वर पोटमाळा. रेवतीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. नलिनी सकाळी सातला निघून टॉवरमधल्या तीन घरांत पोळी-भाजी करायची आणि साडेअकराला परत यायची. रेवती बी.एस्सी. होऊन मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागली होती. जूनमध्ये तिला कायम करणार होते. सकाळच्या मधल्या वेळात शेजारच्या सुंदराबाई दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून जायच्या.

मे महिना होता. छपराचे सिमेंटचे पत्रे दहा वाजताच तापायचे. मामाला लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसवलं होतं, पाठीला गादी, दोन्ही बाजूंना तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत कोंबलेले जुने कपडे. तरी तो हळूहळू डावीकडे कलायचा. अर्ध्या तासाने दोघींनी काखेत हात घालून त्याला वर ओढायचं. त्याच्या हनुवटीखाली सुती लुंगीचा तुकडा असायचा. लाळेने तो भिजला की दुसरा.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. रेवती वही घेऊन मामासमोर बसली. नलिनीने पेज आणली, मऊ शिजवलेला तांदूळ आणि वर भरपूर निवळ. एक चमचा त्याला, मध्येच एक स्वतःला. गिळताना त्याचा गळा दोनदा हलायचा, मग थांबायचा आणि मग खोकला यायचा. खोकला आला की नलिनी तपेलीतलं गरम पाणी वाटीत ओतून पेज आणखी पातळ करी.

दिवस संपला तेव्हा वहीत असं होतं. सकाळची पेज, खोकला चौदा वेळा. दुपारी भात आणि डाळीचं पाणी, नऊ. चार वाजता चहा, सोळा. कुस्करलेलं केळं, एक.

"आई, पातळ केलं की जास्त खोकतो तो," रेवती म्हणाली.

"आजारी माणसाक कोण दाट घालता गो? घशात अडाकला म्हणजे?"

"अडकत नाहीये. पाणी पटकन वाहतं. त्याचा गळा मिटायच्या आत ते खाली पोचतं. बघ ना, केळ्याला एकदाच खोकला."

"चार यत्ता शिकलंस म्हणून माका जेवण घालूक शिकव नको."

रेवतीने आवाज खाली ठेवला. निदान एकच वाटी, एकच चमचा दोघांत नको, तुला काही झालं तर त्याला लागेल, एवढं ती म्हणाली. तिच्या डोक्यात तेव्हा सर्दी-खोकल्याचे जंतू होते. पण नलिनीचा हात थांबला.

"आवशीन तेका सगळो जन्म करटीतसून भरयल्यान," ती आजीबद्दल म्हणाली. करटी म्हणजे नारळाची करवंटी. "घरात कांशाची भांडी, आणि ह्येका करटी. आमका उष्टा नको म्हणून. पोरां हसायची. तेवाच ठरवलंय मी. माझ्या घरात माझो भाव माझ्या ताटात जेवतलो."

मामा तिच्याकडे बघत होता. नलिनीने वाटीच्या तळाचा शेवटचा चमचा त्याला दिला आणि तो खोकला. रेवतीने वहीत रेघ मारली.

कारखान्यात रेवतीचं रोजचं काम रंगाचा दाटपणा मोजण्याचं. तळाला भोक असलेला कप रंगाने काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. चार सेकंदांनी कमी भरला तरी आख्खा लॉट परत जाई. शनिवारी ती तो कप हातात धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

तिचे वरिष्ठ केयूर सर समोरच्या टेबलावरून म्हणाले, "त्यात काय भविष्य दिसतंय का?"

तिने सांगितलं. घरी पेज मोजायची आहे.

"पेजेचा लॉट नापास झाला तर परत कोणाला पाठवणार?" ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून गप्प झाले. "हा कप नेऊ नकोस. कितीही धुतला तरी रंगाचाच आहे. दहा मिलीची सिरिंज घे, सुई काढून. भोक सगळ्यांचं सारखं असतं."

तिने येताना दोन सिरिंज घेतल्या. दट्ट्या काढून टोकावर बोट, वरून दहापर्यंत भरायचं, बोट काढायचं, मोबाइलचं घड्याळ. पाणी सात सेकंदांत गेलं. आईची पेज नऊ. नाचणीचं सत्त्व घालून शिजवलेली पेज चाळीस.

नलिनी हे सगळं ओट्याला टेकून बघत होती. सुंदराबाई दारात उभ्या. "नलूताई, पोरगी सुई टोचती का काय पेजंला?" त्या म्हणाल्या. मामा एवढा हसला की बाजूची पोती सरकली. त्या हसण्यानेच असेल, नलिनीने चाळीस सेकंदांची पेज हातात घेतली.

पहिल्या वाटीला खोकला चार. दुसऱ्या दिवशी तीन, मग पाच, मग तीन. चौदावरून इथवर आला होता. नलिनी आता सकाळी निघायच्या आधी स्वतःच सिरिंज भरायची. पण रेवतीची भीती कमी झाली नाही. दाट पाणी प्यायला मामा कंटाळायचा, चार चमच्यांनंतर तोंड भिंतीकडे. खोलीत छत्तीस अंश. त्याची लघवी गडद पिवळी होऊ लागली, ओठांना चिरा पडल्या. पातळ द्यावं तर फुप्फुसात जाणार, दाट तो पिणार नाही. रोज सकाळी ती प्लास्टिकच्या भांड्यातली लघवी खिडकीच्या उजेडात धरून बघे आणि कामावर जाई. कप भरताना, सेकंद मोजताना, तिला मामाचं पोट दिसत राही.

वही चाळताना आणखी एक गोष्ट तिला खटकली होती. राहिलेले ते तीन-चार खोकले सुरुवातीला कधीच येत नसत. वाटी संपत आली की यायचे. थकतो, असं तिने समासात लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

बारावा दिवस, सोमवार. दुपारी साडेतीनला प्रयोगशाळेत सुंदराबाईंचा फोन आला. "ये तू," एवढंच त्या म्हणाल्या. मागे आईचा आवाज येत होता, माणिक, माणिक, आणि एक घरघर.

रिक्षात रेवतीने तिसापर्यंतचे आकडे मनात म्हणायला सुरुवात केली आणि ते थांबेनात.

ती पोचली तेव्हा नलिनी जमिनीवर बसून मामाला मागून धरून होती. त्याचं डोकं पुढे झुकलं होतं, ओठ जांभळट, डोळ्यांतून पाणी. श्वास चालू होता. प्रत्येक श्वासाबरोबर घशात ओलं काहीतरी वाजत होतं. लुंगीचा तुकडा, बनियन, फरशी, सगळीकडे चहा.

रेवती त्याच्यासमोर बसली. तिने घड्याळाकडे बघत मोजलं. अठ्ठावीस.

"चहा दिलास?"

"तू सांगलंस तसोच केलंय," नलिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सत्त्व घातलंय. नळीत मोजलंय. चाळीस इले. तुझ्या वहीत लिवलंय."

वहीत खरंच होतं. चहा, आणि पुढे वाकड्या अक्षरात चाळीस. मामा दोन दिवस नीट प्यायला नव्हता. डोळे सारखे चहाच्या पातेल्याकडे. म्हणून तिने चहा दाट केला आणि दोघं मिळून प्यायला बसले. एक चमचा तुझो, एक चमचा माझो. तो हसत होता. अर्धा कप नीट गेला. आणि मग शेवटी शेवटी हे.

सुंदराबाईंनी भाच्याची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी करून ठेवली. साडेचारला अठ्ठावीस. पाचला एकोणतीस. ताप शंभर. रेवतीने कपाटातून हॉस्पिटलची फाइल, मामाचं आधार कार्ड, दोन लुंग्या काढून पिशवीत भरल्या आणि पिशवी दारात ठेवली. नलिनी त्या पिशवीकडे बघत नव्हती. मामा मात्र बघत होता.

साडेपाचला एकोणतीस. नुसतं बसून राहवेना म्हणून रेवती फरशी पुसायला उठली. कपात तळाला चहा उरला होता. तिने कप तिरका केला. चहा पाण्यासारखा सरकला.

ती तशीच थांबली. मग सिरिंज घेतली. कपातला चहा आठ सेकंदांत गेला.

पातेल्यातही थोडा उरला होता, तोच चहा, त्याच वेळी केलेला, तोही आता गार. तिने तो भरला. बोट काढलं. धार हळू पडत होती. एकोणचाळीस.

तिने पुन्हा केलं. आठ. एकोणचाळीस.

दोन्हींत फरक एकच होता. पातेल्यात चमचा गेला नव्हता. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांनी हसत हसत एक प्रयोग केला होता. परीक्षानळीत पिठाची खळ, त्यात आयोडिनचा थेंब, गडद निळा रंग. मग त्यात प्रत्येकाने थोडी थुंकी टाकायची. काही मिनिटांत निळा रंग जातो, खळ पाणी होते. थुंकीत पीठ पचवणारं रसायन असतं. दहापैकी दहा मार्क मिळाले होते तिला.

चमचा तोंडात, तोंडातून कपात, पुन्हा तोंडात. जेवण संपत येईपर्यंत वाटीत पाणीच झालेलं असायचं, आणि ते शेवटचे चमचे. रोज. प्रत्येक जेवणाला. तिने त्याच्यापुढे लिहिलं होतं, थकतो.

सहाला एकोणतीस. सुंदराबाई म्हणाल्या, जायचं तर आत्ता जाऊ, पुढे गर्दी होईल. नलिनीने रेवतीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच तिला विचारत होती. रेवतीला वाटलं, चुकीचं सांगितलं तर हा माणूस जाईल, आणि बरोबर सांगितलं तरी जाऊ शकेल. तिने पुन्हा एक पूर्ण मिनिट मोजलं. एकोणतीस. ओठ गुलाबी होते. घशातली घरघर कमी झाली होती.

"अर्धा तास," ती म्हणाली. "एकाने जरी वाढला तरी निघायचं."

साडेसहाला अठ्ठावीस. सातला सव्वीस. आठला ताप नव्हता. रिक्षा गेली. दारातली पिशवी कोणी उचलली नाही. ती आठवडाभर तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांनी छाती तपासून औषध बदललं आणि लक्ष ठेवा म्हणाले. रेवतीने रजा टाकली होती. आता आईला सांगायला हवं होतं, आणि ते तिच्याने होत नव्हतं. शेवटी तिने दोन वाट्यांत सत्त्वाची पेज घेतली, एकीत स्वतःचा उष्टा चमचा चार वेळा बुडवून ढवळला, दुसरी तशीच ठेवली, आणि दहा मिनिटांनी दोन्ही आईसमोर तिरक्या केल्या.

नलिनीने एक वाटी उचलून पुन्हा तिरकी केली, मग दुसरी.

"म्हणजे माझ्या उष्ट्यान," ती म्हणाली.

"दोघांच्याही. चमचा त्याच्याही तोंडातून परत यायचा."

"आवशीक ठावक होता ह्या?"

"नसेल. पण ती मडक्यातून करवंटीत थोडंच काढायची ना? करवंटीतलं उरलं की टाकून पुन्हा नवीन? तिला नुसतं मडकं उष्टं व्हायला नको होतं."

नलिनीने पदर तोंडाला लावला. त्या करवंटीवरून ती आईशी दर मे महिन्यात भांडली होती. एकदा तिने ती चुलीत घातली होती. आजीने दुसऱ्या दिवशी दुसरी घासून घेतली होती.

थोड्या वेळाने ती उठली, भावापुढे जाऊन बसली आणि त्याच्या मुठीवर हात ठेवला.

"माणिक. तुका करटी व्हयी?"

मामाने डोळे मिटले. मग उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि ती बघतेय याची खात्री करून पुन्हा मिटले. आणि हसला, तोंडातून लाळ सुटेपर्यंत.

दुपारी नलिनीने नारळ फोडला. खोबरं काढून एक वाटी काचेच्या तुकड्याने आतून-बाहेरून तासली, धुतली, उकळत्या पाण्यात टाकली. दुसरी कोपऱ्यात तशीच पडली. पातेलं ओट्यावर, त्यात एक मोठा चमचा, तो फक्त वाढायला. करवंटीत चार घास. ते संपले की करवंटी विसळायची आणि नवे चार. खोकला शून्य. रेवतीने शून्य लिहिलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी शून्य. मामा घास तोंडात घ्यायचा आणि ती श्वास धरायची. तो गिळायचा, मग ती सोडायची.

नलिनी मात्र भावाबरोबर जेवेनाशी झाली. त्याचं झालं की ओट्याशी उभ्याने चार घास खायची, त्याच्याकडे पाठ करून.

तपासणीच्या मंगळवारी हॉस्पिटलच्या लांब बोळात नंबर लागायची वाट बघत तिघं बसली होती. समोरच्या बाकावर एक माणूस आपल्या म्हाताऱ्या वडिलांना कागदी कपातून चहा पाजत होता. हनुवटी धरून मान मागे केलेली, चहा तोंडात ओततोय. वडील खोकले. माणसाने पाठीवर थापटलं आणि पुन्हा ओतला. रेवती नको नको म्हणत मोजत होती. तीन. चार. पाचव्याला ती उठलेली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मान खाली असू दे. हनुवटी छातीकडे."

माणसाने तिला खालून वर पाहिलं. "तुम्ही नर्स आहात का?"

"नाही."

"मग?"

मागून नलिनी म्हणाली, "आयका तिचा. ती मोजता."

गिळण्याची तपासणी करणाऱ्या मृणालिनी मॅडम तिशी-पस्तिशीच्या असाव्यात. त्यांनी मामाला आधी नाव सांगितलं, मी गळ्याला हात लावू का, असं त्यालाच विचारलं आणि त्याचे डोळे मिटेपर्यंत थांबल्या. मग दोन बोटं त्याच्या कंठावर ठेवून नलिनीला भरवायला सांगितलं. रेवती त्या बोटांकडे बघत होती. कंठ वर जातो, बोटांखालून सरकतो, खाली येतो. इतके दिवस ती फक्त खोकला मोजत होती. गिळणं असं हाताला लागतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला स्वतःची बोटं तिथे ठेवून बघावीशी वाटली.

नलिनीने पिशवीतून करवंटी काढली तेव्हा तिचे कान लाल झाले. घरात भांडी आहेत, पण, असं काहीतरी ती म्हणू लागली. मॅडमनी तिला थांबवलं नाही. दोन चमचे, पातेल्याचा वेगळा, पुन्हा न बुडवणं, सगळं बघितलं आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हिच्या आजयेन," नलिनी म्हणाली. मग रेवतीकडे बोट केलं. "आणि हिणा."

मॅडमनी वही मागितली. पानं उलटताना सिरिंजच्या आकड्यांशी त्या थांबल्या, आणि ज्या पानावर 'थकतो' खोडून खाली 'थुंकी' लिहिलं होतं तिथे जास्त वेळ थांबल्या. कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं. रेवतीने रंगाचा कारखाना सांगितला.

नळी आता नको, असं मॅडम म्हणाल्या. मामाचे खांदे जरा खाली आले. पण धोका गेलेला नाही, हेही त्यांनी त्यालाच सांगितलं. हे रोज असंच करावं लागेल, आयुष्यभर, आणि एखाद्या दिवशी सगळं बरोबर करूनही चुकू शकतं. दोन महिन्यांनी पुन्हा या.

निघताना त्यांनी रेवतीला थांबवलं. हे शिकायचं असेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा लागतो, बी.एस्सी. असलात तरी पहिल्या वर्षापासून. सांगताना त्यांनी काही गोड केलं नाही.

"तुमचा मंगळवार एकोणीस दिवसांनी का आला माहितीय?" त्या म्हणाल्या. "इथे मी एकटी आहे म्हणून. एकोणीस दिवसांत सगळ्यांच्या घरात कोणी मोजणारं नसतं."

घरी येईपर्यंत रेवती हिशेब करत होती. जूनमध्ये ती कायम होणार होती. चार वर्षांनी ती सत्तावीस वर्षांची होणार होती. रंगाचा लॉट चुकला तर परत येतो. बोळातल्या त्या म्हाताऱ्याचा पाचवा खोकला तिच्या कानात होता, आणि त्यांचा नंबर कोणत्या मंगळवारचा आहे हे विचारायचं तिच्याकडून राहून गेलं होतं.

संध्याकाळी नलिनीने पेज शिजवली. मामाला दोघींनी वर ओढून सरळ बसवलं, पोती घट्ट केली. रेवती वही घेऊन समोर बसली. नलिनी कोपऱ्यात गेली, खाली वाकली आणि हातात दुसरी करवंटी घेऊन आली. तासलेली, धुतलेली. कधी तासली ते रेवतीने पाहिलं नव्हतं.

तिने पातेल्यातून चार घास भावाच्या करवंटीत काढले आणि चार आपल्या. दोन चमचे वेगळे घेतले. मग त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

मामाने तिच्या करवंटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो हसू लागला तशी तिने बोट वर केलं. "आधी गीळ. मगे हस."

तिने त्याला पहिला घास दिला आणि स्वतः एक घेतला.

"तो फॉरम भर," ती रेवतीकडे न बघता म्हणाली. "बाईंनी सांगला तो."

रेवतीने मान वर केली. मामाचा गळा एकदा हलला. थांबला. तिने श्वास धरला.

"आणि मोज गो," आई म्हणाली.